बिब्ब्याचा चटका



वैद्यकावर बोलण्याचा अधिकार मला नाही. चौथीनंतर माझी शाळा सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. पण आजचे औषध मी पुस्तकात वाचण्यापूर्वी हमालांच्या टाचांवर आणि गुडघ्यांवर पाहिले आहे. ते औषध म्हणजे बिब्बा.

चालत्या कामात कोणी मोडता घातला की आपण म्हणतो, ‘बिब्बा घातला.’ तोच बिब्बा दृष्ट लागू नये म्हणून लिंबू-मिरचीबरोबर दुकानाच्या दारावर टांगतो आणि त्याच्या पोटातली गोडंबी बाळंतिणीच्या लाडवात घालतो. गोडंबी निरुपद्रवी, आग आहे ती काळ्या कवचातल्या तेलात, आणि औषधही तिथेच.

चरकाने भल्लातकाला रसायनांत मानाचे स्थान दिले, पण तो अग्नीसारखा तीक्ष्ण आहे हे बजावूनच. म्हणून वैद्य त्याचे आधी शोधन करतात: विटेच्या चुऱ्यात घोळून, घासून तेल काढतात, मग गरम पाण्याने धुतात. उन्हाळ्यात, पित्तप्रकृतीच्या माणसाला, लहान मुलाला, गरोदर बाईला तो देत नाहीत. सरकारी औषध नियमांतही भल्लातक विषारी द्रव्यांच्या यादीत आहे. पोटात घेण्याच्या अशा औषधावर वैद्यकीय देखरेखीची सूचना छापावी लागते. शोधलेल्या बिब्ब्याने उंदरांच्या सांध्यांची सूज उतरल्याचे प्रयोग झालेले आहेत. तेव्हा हे सारे थोतांड आहे असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही.

पण हमालाच्या खोलीत विटेचा चुरा कोण करणार? तिथे दाभण तापवतात, बिब्ब्यात खुपसतात आणि टोकाला आलेले तेल दुखऱ्या टाचेवर टेकवतात. कातडी पोळते. वरच्या आगीपुढे आतली कळ फिकी पडते, आणि गडी दुसऱ्या दिवशी पोते उचलायला उभा राहतो. पोत्याचे वजन मात्र तेवढेच असते.

बिब्बा हा आंब्याच्या आणि काजूच्या कुळातला. त्याच्या तेलाचे वैर सर्वांशी सारखे नसते. एकाला नुसता डाग पडतो. दुसऱ्याला एक-दोन दिवसांनी खाज सुटते, फोड येतात, तोंड सुजते. याला आपण ‘बिब्बा उतला’ म्हणतो. एकदा उतला की पुढच्या वेळी थोडक्या तेलानेही उततो. धोबी कपड्यांवर खुणा करीत त्या याच तेलाने. दुसऱ्या महायुद्धात इथे आलेल्या अमेरिकन सैनिकांच्या अंगावर त्या खुणांखाली चट्टे उठले, आणि १९४३ साली त्यांच्या डॉक्टरांनी त्याची नोंद केली. झाडाच्या चिकाने मूत्रपिंडावर घाला पडल्याची नोंद १९७९ ची आहे.

न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत बिब्बा आणखी एका कारणासाठी येतो: मार लागल्याचा खोटा वळ उठवण्यासाठी. अशा वळाला खाज असते, बारीक फोड असतात, आणि पुष्कळदा तेल लावणाऱ्याच्या बोटांवरही तीच खूण सापडते. हे ज्ञान एका कारखान्याच्या डॉक्टरांना होते. आमच्या एका सभासदाचा सुजलेला गुडघा पाहून त्यांनी ‘स्वतः करून घेतलेली इजा’ असा शेरा मारला आणि रजा नामंजूर झाली. बिब्बा त्याने स्वतःच लावला होता, हे खरेच. पण रजेसाठी नव्हे. रजा मागण्याची वेळ येऊ नये म्हणून! गुडघा आधी कशाने दुखत होता, हे त्या कागदावर कोणी विचारले नव्हते.

आणि चटका घेणाऱ्यांइतकेच बिब्बा फोडणारे हातही माझ्या डोळ्यांपुढे आहेत. विदर्भात बाया घरोघर बसून बिब्बे फोडतात, गोडंबी काढतात. प्रत्येक घावाला तेल उडते. बोटे काळी पडतात, कातडी सोलते. थेंब डोळ्यांत गेला तर काय होते ते वेगळे सांगायला नको. त्यांच्या मुलांच्याही अंगावर डाग असतात. नुकसानभरपाईच्या १९२३ च्या कायद्याने कामामुळे होणारे त्वचारोग यादीत घातले. पण त्यासाठी कुणाचे तरी नोकर असावे लागते. ही बाई बिब्बे घेते व्यापाऱ्याकडून, फोडते आपल्या ओसरीवर, आणि मजुरी मिळते वजनावर. हजेरीपट नाही, पगारपत्रक नाही. तिचा अर्ज लिहायला बसले, की मालकाच्या नावापाशीच लेखणी अडते.