तोंडाला पाणी सुटतं तेव्हा आत काय होतं?

आधी डोळ्यासमोर एक कैरी आणा, तिखट-मीठ लावलेली. सुटलं ना तोंडाला पाणी?

माझ्या आईला सुटत नाही. वर्षभर ती म्हणत होती, "अरे, भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरतच नाही." मी लॅपटॉपमधून मान वर न काढता सांगायचो, "मग पाणी जास्त पी ना." शेवटी डॉक्टरांनी निदान केलं, शोग्रेन सिंड्रोम. यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच लाळेच्या आणि अश्रूंच्या ग्रंथींवर उलटते.

मी बीटेकवाला, बायोलॉजी दहावीनंतर सोडलेली. तरी वाचत बसलो, आणि २०११चा एक प्रयोग सापडला. अमेरिकेतल्या एनआयएचमध्ये रॉबर्टो वायगर्ट यांच्या टीमने भूल दिलेल्या जिवंत उंदराची लाळग्रंथी थेट मायक्रोस्कोपखाली बघितली. उंदीर असे, की त्यांच्या पेशींतच चमकणारी प्रथिनं तयार होतात. असं हिरवं प्रथिन मुळात जेलीफिशमधलं. निळा प्रकाश टाकला, की ते हिरवं चमकतं. त्याच्यासाठी २००८चं नोबेल मिळालंय.

तर त्यांना दिसलं काय? लाळेतली प्रथिनं पेशीत छोट्या छोट्या पुड्यांत भरून तयार असतात. इशारा मिळाला, की पुडी पेशीच्या कडेला चिकटते, तिचं तोंड उघडतं. मग अ‍ॅक्टिन नावाच्या धाग्यांचं जाळं तिच्याभोवती जमतं आणि साधारण मिनिटभरात माल बाहेर ढकललेला असतो. औषध देऊन हे जाळं मोडलं, तेव्हा पुड्या उघडल्या, पण रिकाम्या होईनात. उलट फुगत गेल्या!

आता गंमत ऐका. ग्रंथी शरीराबाहेर काढून बघितली होती, तेव्हा पुड्या एकमेकींना जोडल्या जाताना दिसायच्या. जिवंत उंदरात मात्र प्रत्येक पुडी स्वतंत्रपणे उघडत होती. आपल्या भाषेत सांगायचं तर टेस्टिंगला एक, प्रॉडक्शनला भलतंच! म्हणून चालू सिस्टीम चालू असतानाच बघावी लागते.

या प्रयोगाने आईचा आजार बरा होणार नाही, तो प्रयोग त्यासाठी नव्हताच. पण मला एक कळलं. वर्षभर मी तिच्यासमोर बसून जेवत होतो, आणि ती प्रत्येक घासाला तांब्याकडे हात नेते, हे मी एकदाही बघितलं नव्हतं.

आता भाकरी आमटीत कुस्करून मीच देतो. लॅपटॉप बंद असतो.

भेटू पुढच्या भागात!