कॉम्प्युटर म्हातारा नाही झाला, ओझं वाढलं

यवतमाळ जिल्ह्यात गावी आलो की एक प्रश्न हमखास येतो : "घेतला तेव्हा मस्त चालायचा, आता सुरू व्हायलाच दहा मिनिटं लागतात. नवीनच घ्यावा लागते का?" कापूस विकून आलेले पैसे दुकानात देण्याआधी जरा ऐका.

प्रोसेसर वयामुळे मंद होत नाही. पहिल्या दिवशी जेवढं काम करू शकायचा, तेवढंच आजही करू शकतो. वाढलं ते त्याच्यावरचं ओझं. 2001 च्या विंडोज एक्सपीला किमान 64 एमबी रॅम पुरायची. 2021 च्या विंडोज 11 ला किमान 4 जीबी लागते. म्हणजे 64 पट! संगणकशास्त्रज्ञ निकलाउस विर्थ यांनी 1995 मध्येच लिहिलं होतं की, हार्डवेअर वेगवान होतं त्यापेक्षा जास्त वेगाने सॉफ्टवेअर जड होत जातं.

आता घरात काय होतं बघा. 4 जीबी रॅम, ब्राउझरमध्ये दहा टॅब. रॅम भरली की विंडोज उरलेलं सामान हार्ड डिस्कवर ठेवतं. जुन्या डिस्कमध्ये फिरत्या थाळ्या असतात आणि प्रत्येक फाईलसाठी वाचणारा काटा जागेवर न्यावा लागतो. एका खोलीतल्या दहा कपाटांत एकेक सातबारा शोधावा, तसं. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं, म्हणून ती चटकन सापडवते.

दुसरं कारण आपल्याकडचं : मे महिन्याचं ऊन, धूळ आणि कापसाचा तूस. पंख्यात कचरा बसला की प्रोसेसर तापतो आणि जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. हिवाळ्यात बरा, उन्हाळ्यात रडतो? मग आधी साफसफाई. प्लग काढा, पंखा बोटाने धरा, ब्लोअर मारा.

नेमकं दुखणं ओळखायला कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. डिस्क सतत 100 टक्के दिसत असेल, तर एसएसडी टाका. मेमरी भरलेली असेल, तर रॅम वाढवा. पण मदरबोर्डला कोणती चालते ते आधी बघा. स्टार्टअपमधले बिनकामाचे प्रोग्राम बंद करा, त्याला तर एक रुपयाही लागत नाही. "फॉरमॅट मार" हा सल्लाही चालतो, पण तेच सगळं परत टाकलं की परत तेच. आणि त्याआधी फोटोंची कॉपी काढून ठेवा, बाप्पा!

एक गोष्ट मात्र एसएसडीने सुटत नाही. विंडोज 10 चा नियमित सपोर्ट 14 ऑक्टोबर 2025 ला संपला आणि बऱ्याच जुन्या मशीनवर विंडोज 11 अधिकृतपणे चढत नाही. तिथे लिनक्स मिंट टाकून बघा. फुकट आहे, अभ्यास, ब्राउझर, ऑनलाइन फॉर्म सगळं होतं.

एवढं करूनही नाही जमलं, तर खुशाल नवीन घ्या. पण आधी टास्क मॅनेजर, मग दुकान. भेटू पुढच्या भागात!