परक्या वाद्यावरचे आपले पद



न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानमाला सुरू केली तेव्हापासून वक्त्याने व्यासपीठावरून श्रोत्यांच्या चुका दाखवाव्यात अशी एक रीत पडून गेली आहे. आज मी तिला थोडा फाटा देणार आहे. मी माझीच एक चूक सांगायला उभा आहे, आणि आपल्यापैकी काहीजण तिचे साक्षीदारही आहेत.

गेल्या हिवाळ्यात इथल्या काही कॉलेजच्या मुलांनी गाण्यांचा एक कार्यक्रम केला. विजेवरची गिटार, ड्रम, पेटीच्या जागी कीबोर्ड, असा सगळा थाट. एकदोन गाणी झाल्यावर त्यांनी 'सौभद्रा'तले एक पद घेतले. मी पुढच्या रांगेत होतो. दुसरे कडवे येण्याच्या आतच मी उठलो. नुसता उठलो असतो तरी चालले असते, पण जाताना चार माणसांना ऐकू जाईल अशा आवाजात, "अण्णासाहेब किर्लोस्करांचे श्राद्ध घालता आहात काय?" असे म्हणून गेलो. मी निवृत्त शिक्षक. गावात मला थोडा मान आहे. माझ्या मागोमाग आणखी सातआठ वडीलधारी मंडळी उठली. गाणाऱ्या मुलाने पद सोडले नाही, पण त्याचा आवाज कापत होता असे मला पुष्कळांनी सांगितले.

त्या रात्री मला झोप लागली नाही, ती पश्चात्तापाने नव्हे, संतापाने. पश्चात्ताप सावकाश आला, आणि तो थोड्या वाचनामुळे आणि पुष्कळ ऐकण्यामुळे आला. तेच आज आपल्यापुढे ठेवतो.

मी ज्याला आपले म्हणून उठून गेलो ते आले कोठून, हे आधी पाहू. १८८० साली पुण्यात पारशी मंडळींचा 'इंद्रसभा'चा खेळ पाहून किर्लोस्करांना संगीत नाटकाची स्फूर्ती झाली, आणि त्याच वर्षी ३१ ऑक्टोबरला 'शाकुंतल' रंगभूमीवर आले. चाली कुठल्या घेतल्या? साक्या, दिंड्या, कामदा, लावण्या, कर्नाटकातल्या चाली. कीर्तनकार ज्या घाटणीवर आर्या म्हणत तीही त्यांच्या कानांत होतीच. आर्या म्हटली की बारामतीकरांना निराळे सांगायला नको. मोरोपंतांचे घर आपल्याच गावात आहे. पुढे १९११ साली 'मानापमान' आले. त्याला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या त्या उत्तर हिंदुस्थानी ठुमऱ्यांवरच्या, गझलांवरच्या. ज्या काळी घरंदाज माणूस गाणाऱ्या बायकांच्या घरापुढून मान खाली घालून जाई, त्या काळी त्यांच्या बैठकीतली चाल खाडिलकरांच्या नायिकेच्या तोंडी बसली, आणि आमच्या आज्यांनी ती माजघरात गुणगुणली.

आणि वाद्ये? बालगंधर्वांच्या साथीला ऑर्गन असे. ऑर्गन कुठला? पेटी तरी कुठली? दोन्ही युरोपातून आली. पेटीच्या सुरांना आपल्या श्रुती पेलत नाहीत म्हणून १९४० साली आकाशवाणीने तिला दार बंद केले, ते किलकिले व्हायला १९७१ साल उजाडावे लागले. आज पेटीवाचून नाट्यपद म्हणा म्हटले तर गायक आपल्याकडेच संशयाने पाहील. आपल्या इंदापूर तालुक्यातल्या कोणत्याही गावच्या वरातीत बँडवाला क्लॅरिनेटवर नाट्यपद वाजवतो. ते वाद्य विलायती म्हणून कोणी वऱ्हाडी रुसून गेल्याचे मी तरी ऐकलेले नाही.

माझ्या आजोबांकडे चावीचा ग्रामोफोन होता. तबकडीच्या एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटे. रंगभूमीवर वन्समोअर घेत घेत अर्धा तास फुलणारे पद त्या तीन मिनिटांत कोंबलेले असे. आजोबा म्हणत, "हे गाणं नव्हे, गाण्याचं लोणचं." पण त्यांनी ते लोणचे जन्मभर पुरवून खाल्ले, आणि मला गाण्याची गोडी लागली ती त्यावरच. म्हणजे ज्याला मी अस्सल म्हणत होतो ते माझ्यापर्यंत यंत्राने कापून, छाटून पोचलेले होते.

आता मुख्य गोष्टीकडे येतो. रॉक गाणाऱ्याने जुन्या नाटकाच्या गाण्याला हात घालावा, हे मराठीत नवे आहे काय? नाही. मी स्वतःच ते पाहिले होते, आणि सोयीस्करपणे विसरलो होतो.

१९७८ साली मी पुण्यात शिकत होतो. त्या वर्षी थिएटर ॲकॅडमीने 'तीन पैशाचा तमाशा' रंगभूमीवर आणला. दिग्दर्शक जब्बार पटेल. दौंडला डॉक्टरकी करणारे हे गृहस्थ. बारामतीहून पुण्याला जाताना आपण ज्या जंक्शनवर गाडी बदलत आलो, तिथले. लेखन पु. ल. देशपांड्यांचे. आणि अंकुश नावाच्या गुंडाची मुख्य भूमिका होती नंदू भेंडे यांची. आत्माराम भेंडे आणि आशा भेंडे यांचा हा मुलगा मुंबईच्या इंग्रजी रॉक बँडमध्ये गाणारा. १९७४ साली अलेक पदमसींनी मुंबईत 'जीझस ख्राइस्ट सुपरस्टार' हे रॉक संगीतक केले, त्यात जुडासचे काम त्यांनीच केले होते. येशूचा विश्वासघात करणारा तो शिष्य चार वर्षांनी आमच्या तमाशात येऊन उभा राहिला.

मला त्या प्रयोगातले आठवते ते हे, की गण, गौळण, लावणी, नाट्यसंगीताचा बाज आणि पाश्चात्त्य चाल ही सारी एकाच रंगमंचावर शेजाऱ्यासारखी नांदत होती. भेंड्यांचा आवाज घासलेला, दात काढून हसल्यासारखा. तो बालगंधर्वांसारखा गोड नव्हता, आणि तसा असता तर नाटक पडले असते. कारण तो गुंड होता! पु. ल. हे बालगंधर्वांचे निस्सीम भक्त आणि स्वतः उत्तम पेटी वाजवणारे. त्यांच्याच नाटकात ही गोष्ट घडली, हे मला त्या हिवाळ्यात उठून जाताना आठवायला हवे होते.

त्या नाटकाचे कूळही ऐकण्यासारखे आहे. १७२८ साली लंडनमध्ये जॉन गे याने 'भिकाऱ्याचा ऑपेरा' लिहिला. त्यात त्याने चाली घेतल्या त्या बहुतेक लोकांच्या तोंडी आधीच असलेल्या. बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ साली, बर्लिनमध्ये ब्रेख्तने त्यावरून 'तीन पैशांचा ऑपेरा' केला आणि कुर्ट वाइलने त्याला संगीत दिले. त्यात जॅझची, नाचघरांची छाया होती. त्यातले सुऱ्यावाल्या गुंडाचे गाणे तर प्रयोगाच्या तोंडावर घाईघाईने घातले गेले. तेच जगभर गेले: १९५५ साली लुई आर्मस्ट्राँगने गायले, १९५९ साली बॉबी डॅरिनने. १९३३ साली हिटलर आल्यावर हे नाटक जर्मनीत बंद पडले. पण गाणी बंद पडत नाहीत, ती तोंडावाटे निसटतात.

ब्रेख्तचा आणि आपला एक मतभेद मात्र आहे, आणि तो लहान नाही. आपल्याकडे पद येते ते भावना ओसंडली म्हणून. सुभद्रा बोलता बोलता गाऊ लागते, कारण बोलणे पुरत नाही. ब्रेख्तचे पात्र गाण्यासाठी गोष्टीतून बाहेर येते, प्रेक्षकांकडे वळते आणि जणू म्हणते, रडू नका, विचार करा. तमाशातला सोंगाड्या हेच करीत आला आहे. म्हणून ते नाटक आपल्याकडे तमाशाच्या वाटेने आले, 'सौभद्रा'च्या वाटेने नव्हे.

पुढे १९८२ साली, म्हणजे पुण्यातल्या तमाशानंतर चार वर्षांनी, इंग्लंडचा मोठा रॉक गायक डेव्हिड बोवी याने ब्रेख्तच्या 'बाल' ह्या आरंभीच्या नाटकात बी. बी. सी.साठी नायकाचे काम केले. त्यातली पाच गाणी त्याने बर्लिनमध्ये, भिंतीजवळच्या स्टुडिओत मुद्रित केली. मला ह्यात आवडले ते असे, की त्याने तिथे आपला विजेच्या गिटारींचा फौजफाटा नेला नाही. नाटकगृहात बसतो तसला वादकवृंद घेतला, आणि नाटकाच्या शब्दांपुढे आपली कीर्ती थोडी मागे ठेवली. उलट 'द डोअर्स' ह्या अमेरिकन मंडळींनी १९६७ साली वाइलचेच एक गाणे पार आपल्या रंगात बुडवून काढले. तेही लोकांना आवडले. मला विचाराल तर बोवीची रीत अधिक कठीण आणि अधिक चांगली.

आपल्याकडचे अलीकडचे उदाहरण सर्वांच्या ओळखीचे आहे. पुरुषोत्तम दारव्हेकरांचे 'कट्यार काळजात घुसली' १९६७ साली आले. संगीत जितेंद्र अभिषेकींचे, आणि खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. २०१५ साली सुबोध भावे यांनी त्याचा चित्रपट केला, आणि त्याचे संगीत सोपवले शंकर महादेवन, एहसान नूरानी आणि लॉय मेंडोन्सा ह्या तिघांवर. ह्याच तिघांनी २००८ साली 'रॉक ऑन' ह्या चित्रपटाला संगीत दिले होते. तेव्हा पुष्कळांच्या भिवया वर गेल्या असतील. माझ्या गेल्या होत्या. पण शंकर महादेवन हे श्रीनिवास खळ्यांकडे शिकलेले, आणि त्यांनी अभिषेकींच्या चाली ठेवून त्यांच्याशेजारी नव्या मांडल्या. खाँसाहेबांचा आवाज राहुल देशपांडे यांचा. आजोबा १९८३ साली गेले तेव्हा हा नातू चार वर्षांचाही नव्हता. म्हणजे त्याने आजोबांना बहुतांशी मुद्रणावरूनच ऐकले, पुन्हा ते लोणचेच! महेश काळे यांना त्यातल्या एका नव्या पदासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. माझी तक्रार एकच: चित्रपटात गाण्याला श्वास घ्यायला वेळ नाही. वाद्यमेळ भव्य आहे, पण वसंतराव एखाद्या जागेशी मांजराने उंदराशी खेळावे तसे खेळत राहत, ती चैन तिथे परवडत नाही. तरीसुद्धा ज्या घरांत नाट्यपदाचे नाव निघत नव्हते त्या घरांतली मुले ती पदे म्हणू लागली. आमच्या कार्यक्रमातली मुले त्यांपैकीच.

आता पुन्हा त्या मुलांकडे. महिनाभराने माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्या संध्याकाळचे मुद्रण मला मोबाइलवर ऐकवले. मी पूर्ण ऐकले, पहिल्यांदाच. आणि माझ्या ध्यानात आले की मी चूक दाखवली ती भलतीच. चूक गिटारीची नव्हतीच. ते पद अर्जुनाचे. तीर्थयात्रेत भटकत असताना त्याला कळते की सुभद्रा दुर्योधनाला द्यायचे ठरत आहे, आणि त्याचे काळीज तुटते. मुलांनी ते वरातीच्या उत्साहाने म्हटले होते. हे मी त्यांना सांगायला हवे होते, आणि ते सांगण्यासाठी खुर्चीत बसून राहायला हवे होते.

पण त्याच मुद्रणात पुढे एक गंमत आहे. आम्ही उठल्यावर ड्रमवाल्याचा हात थांबला. बहुधा तो आमच्याकडेच पाहत असावा. मग गाणाऱ्याने नुसत्या गिटारीवर, धीम्या लयीत, धृपद पुन्हा घेतले. अपमानाने भरलेला तो आवाज अर्जुनाच्या दुःखाला इतका नेमका लागला की मी मोबाइल खाली ठेवला. आजोबांच्या तबकड्यांत तो सूर मी ऐकला होता. इतक्या जवळून मात्र नव्हता ऐकला.

मी त्या मुलाच्या घरी गेलो. त्याच्या आईने चहा केला. मुलगा फार बोलला नाही. शेवटी त्याने एवढेच विचारले, "सर, ह्या पदाच्या आधी नाटकात काय होतं?" त्याने 'सौभद्र' वाचलेलेच नव्हते, पद तेवढे मोबाइलवरून उचललेले. कोणी त्याला नाटक दिलेच नव्हते, आणि देण्याचे काम ज्यांचे, त्यांत मी तीस वर्षे पगार घेत होतो! माझी जुनी प्रत मी त्याच्याकडे ठेवून आलो. आठ दिवसांनी त्याचा फोन आला की नारद हा फार लबाड माणूस आहे. म्हणजे वाचले होते खरे.

अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी ती मुले पुन्हा गाणार आहेत. पदाच्या आधी अर्जुनावर काय प्रसंग आला आहे ते दोन वाक्यांत सांगण्याचे काम त्यांनी मला दिले आहे. दोनच वाक्यांत, अशी सक्त ताकीद आहे. गाणाऱ्या मुलाने मला क्षमा केली असावी. ड्रमवाल्याने केलेली नाही. त्याचे म्हणणे, सरांनी माझे वाजवणे ऐकलेच कुठे आहे? ते खरे आहे. मी त्याला सांगितले आहे की मी पुढच्या रांगेतलीच खुर्ची घेईन, भिंतीकडची, जिथून सहजासहजी उठून जाता येत नाही.