अळसांद्यांचा डबा

(मंडळाच्या कार्यक्रमात केलेले भाषण)



चवथीच्या दिवसांत धान्यातल्या किड्यांवर बोलायला लावणे आपल्या मंडळालाच सुचू शकते! पण विषय घरचा आहे, म्हणून आलो. आमच्यातला एक पेडण्याचा, दुसरा डिचोलीचा.

भात कापल्यावर उरलेल्या ओलीवर आमच्याकडे अळसांदे पेरतात. भुंगा त्यांच्या शेंगांवर शेतातच अंडी घालतो आणि दाण्यातून आपल्याबरोबर घरी येतो. म्हणून डबा कितीही स्वच्छ असला तरी महिन्या-दीड महिन्यात दाण्यांना भोके दिसतात.

मग कुणीतरी पुडीत एक करडी गोळी बांधून देतो. ती अ‍ॅल्युमिनियम फॉस्फाईडची. दमट हवा लागली की ३ ग्रॅमच्या गोळीतून सुमारे १ ग्रॅम फॉस्फिन वायू सुटतो, आणि आपल्या पावसाळ्यात दमटपणाला काय तोटा? या विषावर उतारा नाही. गोदामात, प्रशिक्षित माणसांनी वापरायची ही वस्तू. आमच्या एका नात्यातल्या घरी तिचे पिंप कोठीत होते आणि भिंतीपलीकडे मुले झोपलेली. रात्री लसणीसारखा वास आला, मुलांना उलट्या सुरू झाल्या. तशीच उचलून मोकळ्यावर आणली, दवाखाना गाठला, म्हणून वाचली. वास आला नाही म्हणजे धोका नाही, असेही समजू नका.

आमची आजी अळसांदे कडकडीत वाळवून, राख मिसळून, डबा काठोकाठ भरून तोंड लिंपून टाकी. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या पर्ड्यू विद्यापीठाच्या संशोधकांनी कॅमेरूनमध्ये चवळीसाठी तीन पदरांची हवाबंद पिशवी केली. चवळी म्हणजे अळसांद्यांचीच जात! आतला प्राणवायू किडेच संपवतात, मग त्यांचे खाणे थांबते आणि ते मरतात. घरी घट्ट झाकणाची कोरडी बाटली काठोकाठ भरली तरी तेच साधते. दाणे मात्र दाताखाली कट्कन फुटण्याइतके वाळलेले हवेत. ओले कोंडले तर बुरशी येईल. किलोला चमचाभर खोबरेल चोळले तर वर घातलेली अंडीही गुदमरतात. दोन-चार किलोच असतील तर आठवडाभर फ्रीझरमध्ये ठेवा. कडुनिंबाच्या पाल्यावर आमचा फारसा भरवसा नाही. दाण्याच्या पोटातल्या अळीला त्याचे काय?

आणि बंद केलेली बाटली मध्येच उघडून पाहू नका, हवा आत जाते. चवथीला लागतील तेवढे अळसांदे वेगळ्या लहान बाटलीत भरून ठेवा.