शिकवणारा मुक्कामी हवा

स्मृतिभ्रंश म्हणजे काय, हे या सभागृहाला नव्याने सांगत नाही. इथल्या निम्म्या घरांना ते व्याख्यानाविना कळलेलं आहे. माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे, आणि तो एकसुरी वाटला तर वाटू द्या. संशोधन शुश्रूषागृहात पोचत नाही, कारण शिकवणारा दिवसभराचं शिबिर उरकून, प्रमाणपत्रं वाटून निघून जातो. ब्रिटनचा दाखला घेतो, कारण तिथे हे मोजून पाहिलं गेलं. रोगाआधी माणूस पाहा, असं सांगणारं टॉम किटवूड यांचं पुस्तक १९९७ सालचं. त्यावर सगळ्यांनी माना डोलावल्या. (हशा) तुम्हीही डोलावताय. अडचण तीच आहे.

कारण मान डोलावून झाल्यावरही रुग्ण ओरडू लागला की हात जायचा गोळीकडेच. सुबे बॅनर्जी यांच्या २००९च्या अहवालातला अंदाज ऐका: स्मृतिभ्रंशाच्या सुमारे १,८०,००० रुग्णांना दरवर्षी मनोविकारावरची औषधं दिली जात, त्यांतल्या ३६,००० जणांना काही फायदा होई आणि सुमारे १,८०० मृत्यू जास्तीचे घडत. परिचारिकांना दोष देणं सोपं आहे. पण रात्रपाळीत मोजकी माणसं असताना गोळीऐवजी नेमकं काय करायचं, हे त्यांना कुणी उभं राहून दाखवलं होतं? फॉसी आणि सहकाऱ्यांच्या २००६च्या अभ्यासात ते दाखवलं गेलं. बारा शुश्रूषागृहं घेतली. त्यांतल्या निम्म्यांत शिकवणारी व्यक्ती आठवड्याला दोन दिवस, असे दहा महिने जात राहिली. वर्षाअखेरीस तिथे ही औषधं घेणारे २३ टक्के होते, इतरत्र ४२ टक्के. आणि रुग्णांच्या अस्वस्थतेत दोन्हीकडे लक्षणीय फरक नव्हता. औषध कमी केलं की गोंधळ माजेल, ही भीती खरी ठरली नाही. या मुद्द्यावर जरा रेंगाळलो, अध्यक्ष घड्याळ पाहत आहेत.

आक्षेप येतो की इंग्लंडमधल्याच पन्नास शुश्रूषागृहांच्या चाचणीत, २०२०मध्ये, किटवूड यांच्या विचारांतून आलेल्या निरीक्षणपद्धतीने रुग्णांची अस्वस्थता कमी झालीच नाही. मान्य आहे. पण तिथे पहिल्या फेरीला तज्ज्ञाची सोबत होती, पुढचं कर्मचाऱ्यांवर सोपवलं होतं, आणि एकाहून अधिक फेऱ्या पूर्ण करणारी घरं सुमारे चौथाईच निघाली. कर्मचारी टिकत नाहीत, हा दुसरा आक्षेप. मग नव्याने येणाऱ्याला एकदाच होऊन गेलेलं शिबिर काय उपयोगाचं? खर्चाबद्दल म्हणाल, तर ६९ शुश्रूषागृहांतल्या, २०१८मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘वेल्ड’ चाचणीत नऊ महिन्यांच्या प्रशिक्षणाने रुग्णांचं जगणं सुधारलं, अस्वस्थता घटली आणि खर्चही नेहमीच्या व्यवस्थेपेक्षा कमी आला. फरक अफाट नव्हता, हेही सांगायला हवं.

चिठ्ठी आली. आपल्याकडचा प्रश्न तसाच राहिला, आणि तो अधिक अवघड आहे: ब्युरोतून घरी येणारी मावशी एकटीच असते, तिच्याकडे पाहून शिकायला शेजारी सहकारीही नसते. तिच्यासाठी शिकवणाऱ्यालाच दारोदार फिरावं लागेल, आणि त्याचा पगार कुणी द्यायचा, यावर मला निदान वीस मिनिटं हवी होती.