राज्य सावरणारा शिक्षक : राजा सर टी. माधवराव
(हीरक महोत्सवानिमित्त दिलेले व्याख्यान)



मराठी मुलखापासून दूर, जामुलसारख्या सिमेंट-पोलादाच्या वसाहतीत साठ वर्षे टिकलेल्या मराठी शाळेच्या व्यासपीठावरून कोणाचे स्मरण करावे? महाराष्ट्राबाहेर जन्मलेल्या आणि तीन परक्या दरबारांत कीर्ती मिळविलेल्या एका मराठी मुत्सद्द्याचे करावे, असे मला वाटले. त्यांचे नाव राजा सर टी. माधवराव. नावातील ‘टी’ म्हणजे तंजावर.

सतराव्या शतकात व्यंकोजीराजांनी तंजावरला राज्य स्थापिले आणि कावेरीकाठी मराठी घराणी रुजली. अशाच एका घराण्यात, कुंभकोणम येथे १८२८ साली माधवरावांचा जन्म झाला. मद्रासच्या विद्यालयात पॉवेल या गुरूंच्या हाताखाली ते गणितात निष्णात झाले. १८४९ साली त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक म्हणून त्यांना पाचारण झाले. त्यांचे सार्वजनिक जीवन असे अध्यापनापासून सुरू झाले, ही गोष्ट शाळेच्या उत्सवात आवर्जून सांगण्याजोगी आहे.

त्या काळी त्रावणकोरवर मोठे संकट होते. खजिना रिकामा, नोकरांचे पगार थकलेले, आणि कारभार न सुधारल्यास राज्य खालसा करण्याची डलहौसीची धमकी. अशा वेळी, १८५७ च्या अखेरीस, अवघ्या तिशीच्या उंबरठ्यावर माधवराव दिवाण झाले. त्यांनी मिरी आणि तंबाखू यांवरील सरकारी मक्ते उठविले, जाचक कर कमी केले, व्यापार मोकळा केला आणि राज्याचे कर्ज फेडले. १८६५ च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनी कसणाऱ्या कुळांना मालकीचे हक्क मिळाले. रस्ते, कालवे, शाळा, दवाखाने वाढले. कर कमी करूनही उत्पन्न वाढते, हे गणिताच्या या शिक्षकाने हिशेबाच्या वहीतच सिद्ध केले.

तथापि थोरांचे चरित्र मर्यादांसह सांगावे. शाणार स्त्रियांना अंगभर वस्त्र नेसण्याचा हक्क नाकारला जात होता. मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांच्या दडपणानंतर १८५९ साली जाहीरनामा निघाला. तोही अपुराच होता, कारण उच्चवर्णीय स्त्रियांसारखी वस्त्रे नेसण्यास त्यात मुभा नव्हती. अर्थव्यवहारात निर्भय असणारा हा दिवाण समाजव्यवहारात सावधपणे पाऊल टाकीत असे.

१८७२ साली त्रावणकोर सोडल्यावर त्यांनी इंदुरास होळकरांचा कारभार पाहिला. १८७५ साली मल्हारराव गायकवाड पदच्युत झाले आणि विस्कटलेल्या बडोद्याची सूत्रे माधवरावांकडे आली. नाशिक जिल्ह्यातील कवळाण्याचा बारा वर्षांचा गोपाळ दत्तक येऊन सयाजीराव झाला होता, आणि त्याला अक्षरओळखही नव्हती. राज्याची घडी बसवीत असतानाच माधवरावांनी १८८१ साली या तरुण राजास राजधर्मावर व्याख्याने दिली. ‘मायनर हिंट्स’ या नावाने ती ग्रंथरूप झाली. प्रजेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन, हे त्यांचे सूत्र. पुढे त्याच सयाजीरावांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो राज्यभर नेला. शिष्य गुरूपेक्षा धीट निघाला. शिक्षकाला याहून मोठी गुरुदक्षिणा कोणती?

१८८७ साली मद्रासला भरलेल्या राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनाचे स्वागताध्यक्षपद त्यांनी भूषविले. १८९१ साली ते निवर्तले. तिरुवनंतपुरमला सचिवालयासमोर त्यांचा पुतळा आजही उभा आहे आणि तो परिसर ‘स्टॅच्यू’ याच नावाने ओळखला जातो. परक्या प्रांताने एका मराठी माणसास दिलेला हा मान आहे.

पालकहो, मराठी शाळेत घालून मुलाचे नुकसान तर होणार नाही ना, ही शंका आपल्यापैकी अनेकांच्या मनात येते. ती खोटी नाही. माधवरावही इंग्रजी विद्येच्या बळावरच पुढे गेले. परंतु घरच्या मराठीने त्यांची वाट अडविली नाही. तंजावरच्या मराठी घराण्यांनी शतकानुशतके बाहेर तमिळ आणि घरात मराठी अशी दोन्ही कुळे सांभाळली. मात्र तंजावरास दरबाराचा आधार होता, ग्रंथालय होते. जामुलमध्ये आपल्याजवळ ही शाळा आहे. ती उद्या टिकेल की नाही, हे आपल्या भाषणांवरून ठरणार नाही. येत्या जूनमध्ये पहिलीच्या वर्गात किती मुले बसतात, यावरून ठरेल.

ज्या भूमीचे अन्न खातो तिची सेवा मनापासून करावी आणि आईची भाषा घरात जिवंत ठेवावी. या दोन गोष्टींत विरोध नाही, हेच माधवरावांचे जीवन आपणांस सांगते. शाळेच्या पुढील वाटचालीस शुभेच्छा देऊन आपली रजा घेतो.