अंतर्गळाची शस्त्रक्रिया : टाक्यापासून जाळीपर्यंत



ओझी वाहणाऱ्या हमालाच्या किंवा शेतात राबणाऱ्या मजुराच्या जांघेत फुगवटा दिसू लागतो. दुखत नाही म्हणून तो वर्षानुवर्षे अंगावर काढला जातो. हाच अंतर्गळ, अर्थात हर्निया. पोटाची भिंत एखाद्या ठिकाणी दुर्बल झाली, की आतड्याचा भाग तेथून बाहेर येतो. आडवे झाल्यावर तो बहुधा आत जातो; परंतु तो तेथेच अडकून त्याचा रक्तपुरवठा तुटला, तर प्राणावर बेतते. औषधाने वा पट्ट्याने ही फट बुजत नाही. ती शस्त्रक्रियेनेच बुजवावी लागते.

इटलीतील पादुआ येथे एदुआर्दो बास्सीनी यांनी १८८४ मध्ये जांघेची दुर्बल भिंत टाक्यांनी नव्याने बांधण्याची पद्धत सुरू केली. ती युगप्रवर्तक ठरली. तथापि, दूरचे स्नायू ओढून शिवल्याने टाक्यांवर ताण पडे व काही रुग्णांत अंतर्गळ पुन्हा उद्भवे. १९५० च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतील फ्रान्सिस अशर यांनी प्लास्टिकच्या धाग्यांची जाळी वापरात आणली. पुढे १९८० च्या दशकात अर्विंग लिख्टेनस्टाइन यांनी स्नायू न ओढता, ठिगळाप्रमाणे जाळी बसविण्याची पद्धत रूढ केली. जाळीच्या छिद्रांतून शरीराच्या ऊती वाढतात आणि भिंत बळकट होते. त्यामुळे अंतर्गळ उलटण्याचे प्रमाण बरेच घटले.

प्रश्न उरला किमतीचा. आयात केलेली जाळी गरिबाला परवडेना. धुळे जिल्ह्यातील दोंडाईचा येथील शल्यविशारद डॉ. रवींद्रनाथ टोणगावकर यांनी मच्छरदाणीचे कापड निर्जंतुक करून त्याच कामी वापरले आणि सहकाऱ्यांसह त्याचे निष्कर्ष २००३ मध्ये प्रसिद्ध केले. पुढे युगांडात ३०२ पुरुषांवर अशा स्वस्त जाळीची महागड्या जाळीशी तुलना झाली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात, एका वर्षानंतर, दोहोंच्या परिणामांत लक्षणीय फरक आढळला नाही. खेड्यातील गरजेतून निघालेला विचार अशा रीतीने जागतिक कसोटीस उतरला. अर्थात हे कापड शास्त्रशुद्ध निर्जंतुकीकरणानंतर तज्ज्ञानेच वापरावयाचे असते.

साधने सुलभ झाली, तरी रुग्ण वेळेवर पोहोचला पाहिजे. फुगवटा कठीण झाला, आत जाईना, वेदना व उलट्या सुरू झाल्या, तर रुग्णास तत्काळ रुग्णालयात हलवावे. संकोचापोटी दुखणे लपविणाऱ्यास तत्पूर्वीच तपासणीस प्रवृत्त करणे, हे कार्य पंचायत सदस्य व शिक्षक निश्चितच करू शकतील.